जनरल रजिस्टर सांभाळणार कोण? शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य
मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

दरवर्षी 31 मे रोजी सरकारी कचेऱ्यांत निरोपसमारंभांची झुंबड उडते. पूर्वी पोर शाळेत आणले की जन्माची नोंद क्वचितच बरोबर असे. उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचला की सहा वर्षे पुरी धरायची आणि जन्मतारीख लिहायची 1 जून, कारण शाळा जूनमध्ये सुरू होत. निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणून 31 मे. गुरुजींनी अंदाजाने टेकवलेली तारीख अठ्ठावन्नाव्या वर्षी हिशेब मागते. सेवापुस्तकातली जन्मतारीख बदलायचा अर्जही नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो. बहुतेकांना हे कळते तेव्हा मुदत उलटून गेलेली असते.

आम्ही निवृत्त मुख्याध्यापक आणि शाळा-लिपिक. ही तारीख ज्या वहीत बसली आहे, त्या शाळेच्या प्रवेशनोंदीच्या, म्हणजे जनरल रजिस्टरबद्दल हे पत्र.

त्यातले रकाने असे: रजिस्टर नंबर, पूर्ण नाव, धर्म व जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी व अक्षरी, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख व कारण, शेरा. शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे याच ओळीची नक्कल. दाखला हरवला तर दुसरी प्रत काढता येते, ओळ गेली तर कशावरून काढणार? 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना आता जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा आहे, म्हणून रजिस्टरचे महत्त्व संपले असे आपले अधिकारी सांगतील. त्यांचे ऐकू नका. त्याआधी जन्मलेली कोट्यवधी माणसे अजून हयात आहेत, आणि त्यांची नातवंडे जातपडताळणीला उभी राहणार आहेत.

पडताळणीत तर वर्तमानापेक्षा भूतकाळच मोजला जातो. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांपूर्वीचा पुरावा लागतो. तो बहुधा आजोबांच्या शाळेच्या प्रवेश-निर्गम उताऱ्यातच, म्हणजे याच रजिस्टरच्या नकलेत सापडतो. पडताळणी समितीचे दक्षता पथक मूळ रजिस्टर मागते आणि नंबरांचा क्रम, शाई, अक्षराचे वळण पाहते. दोन ओळींच्या मध्ये कोंबलेली नोंद लगेच उघडी पडते. पण प्रामाणिक दुरुस्तीही संशयात सापडते, कारण कुणीतरी ती ब्लेडने खरवडून केलेली असते. खरी रीत साधी आहे: जुना शब्द वाचता येईल अशी एकच लाल रेघ, वर नवा शब्द, शेऱ्यात शिक्षणाधिकाऱ्यांच्या आदेशाचा क्रमांक व तारीख, शेजारी मुख्याध्यापकाची सही. मंजुरीशिवाय नाव, जात, तारीख बदलायचा अधिकार मुख्याध्यापकाला नाही, हे नव्यांना कुणी सांगतच नाही.

जुनी पाने मोडी लिपीत आहेत. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद फारसा पाळत नाहीत, त्यात गुरुजींची संक्षेपाची सवय. जातीच्या रकान्यात नुसते ‘कु.’ असेल तर त्याचा अर्थ त्याच पानावरच्या, त्याच हाताच्या इतर नोंदी पाहूनच लावावा लागतो. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधताना मोडी वाचकांची किती धावपळ झाली, ते आपण पाहिलेच आहे.

आता नुकसानीबद्दल. वाळवी जमिनीकडून येते, ओल भिंतीकडून. म्हणून कपाट लोखंडी हवे, विटांवर आणि भिंतीपासून वीतभर पुढे. सर्वांत जास्त नासधूस मात्र मायेने होते. फाटक्या पानाला लावलेला सेलोटेप काही वर्षांत पिवळा पडतो आणि निघताना अक्षर घेऊन निघतो. गरम लॅमिनेशन तर पुन्हा उलटवताच येत नाही. पातळ जपानी कागद आणि मैद्याची खळ पुरे.

स्कॅनिंगचे कंत्राट देणार असाल तर अटी नीट घाला. पाने ओढून घेणारे यंत्र नको आणि जिल्द उसवणे नको. वरून छायाचित्र घेणारे यंत्र, किमान 300 डीपीआय, आणि रंगीतच. कृष्णधवल प्रतीत लाल शाईची दुरुस्ती मूळ नोंदीसारखीच दिसते, मग पडताळणीत वाद. मुखपृष्ठ आणि कोरी पानेही घ्यावीत, नाहीतर मधले पान गायब केल्याचे कळणार नाही. फाइलच्या नावात शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक, मग खंड, मग पान. समोरासमोरची दोन पाने एकत्र टिपली तर दोनशे पानांच्या खंडाची शंभरेकच छायाचित्रे होतात. दोन माणसांना एक दिवस पुरतो. वेळ जातो तो नावांची सूची करण्यात, आणि कंत्राटदार नेमकी तीच टाळतात.

कमी पटाच्या शाळा बंद होतात किंवा दुसऱ्या शाळेत मिसळतात तेव्हा बाके आणि टीव्ही यांची यादी होते. रजिस्टर कुणाच्या तरी स्कूटरवरून केंद्रशाळेत जाते. खंडांची संख्या, प्रत्येक खंडाचा पहिला व शेवटचा नंबर, कोरी व फाटकी पाने लिहून पंचनामा आणि पोहोच सक्तीची करा. बंद शाळेचे रजिस्टर आता कुठे आहे, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

पैसा? सादिलमध्ये, म्हणजे किरकोळ खर्चाच्या अनुदानात, खडू घ्यायचे की कपाट, हा प्रश्न मुख्याध्यापकावर सोडू नका. अभिलेखांसाठी वेगळी तरतूद करा, आणि कामाला उन्हाळी सुट्टी निवडा. हवा कोरडी असते, शाळा रिकामी असते. पावसाळ्यात ती पाने उघडू नयेत.

आपले,
निवृत्त मुख्याध्यापक व शाळा-लिपिक