ती दृश्यं बायकोची नव्हेत, नवऱ्याच्या मनातली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रौढांसाठीच्या परदेशी चित्रपटांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. त्यात दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकच्या 'आईज वाइड शट'ची बोळवण 'बायकोच्या व्यभिचाराची गोष्ट' अशा एका ओळीत केली आहे. राहवलं नाही म्हणून लिहिते आहे. त्या चित्रपटात बायको व्यभिचार करतच नाही.

अमेरिकेतल्या केप कॉडला सुट्टीवर असताना हॉटेलात त्या बायकोला, अ‍ॅलिसला, एक नौदल अधिकारी दिसतो. तो जाता जाता तिच्याकडे एकदा बघतो, बस्स. पण त्या वेळी त्याच्यासाठी नवरा, मुलगी, सगळं सोडायची माझी तयारी होती, असं ती नवऱ्याला सांगते. ती हे का सांगते, तेही बघायला हवं. त्याआधी तिचा नवरा, डॉक्टर बिल, छातीठोकपणे म्हणालेला असतो की तू माझी बायको, माझ्या मुलीची आई, तू असं काही करणारच नाहीस. त्यावर ती हसत सुटते, हसता हसता जमिनीवर बसते. आपल्याला वेगळं मन असेल हे नवऱ्याच्या गावीही नाही, हे कळल्यावर बाईला काय वाटतं, ते अ‍ॅलिस झालेल्या निकोल किडमनच्या त्या हसण्यात आहे.

मग टॅक्सीत बसलेल्या बिलला अ‍ॅलिस आणि तो अधिकारी एकत्र दिसू लागतात, निळसर करड्या रंगात. हे दृश्य पुन्हा पुन्हा येतं आणि दर वेळी पुढे सरकतं. यातलं काहीही घडलेलं नाही, तिनं सांगितलेलंही नाही. सगळं त्याचं त्यानंच रचलेलं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते हेच. न घडलेल्या गोष्टीची भरपाई करायला तो रात्रभर न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून हिंडतो. त्यातले बरेचसे रस्ते लंडनजवळच्या पाइनवूड स्टुडिओत उभारलेले होते, म्हणूनच की काय, ते जागेपणीचे वाटतच नाहीत.

मूळ जर्मन कथा व्हिएन्नाच्या आर्थर श्निट्झलरची, १९२६ साली पुस्तकरूपानं आलेली. तिथे नवरा-बायको दोघंही डेन्मार्कच्या सुट्टीतल्या आपापल्या मोहाची कबुली देतात. कुब्रिकनं नवऱ्याची कबुली काढून टाकली. बोलायची हिंमत एकट्या बायकोच्या वाट्याला आली. माझ्या मते बिलचा तोल जातो तो इथेच. त्याच्याजवळ सांगण्यासारखं काही नाही, असं तो स्वतःलाच बजावत राहतो.

चित्रपट १९९९ चा. आम्ही दोघांनी तो मुलं नोकरीला बाहेरगावी गेल्यावर, गेल्या पावसाळ्यात घरच्या टीव्हीवर पाहिला. त्या बेडरूमच्या प्रसंगानंतर ह्यांनी रिमोट उचलला आणि चित्र थांबवलं. "तुझ्या मनात होतं का गं कधी कुणी?"

लग्नाला एकतीस वर्षं झाली आहेत. मी खरं ते सांगितलं. कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर भर पावसात एकानं माझी जड पिशवी उचलून वरच्या फळीवर ठेवली होती. त्याच्या मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याचा पांढरा वळ होता. हसला आणि उतरून गेला. नाव-गाव काही माहीत नाही. पुढे दोन-तीन वर्षं भांडी घासताना मी त्याच्याबरोबर कितीदा तरी गणपतीपुळ्याला जाऊन आले. त्यानं माझा संसार मोडला नाही. उलट त्या दिवसांत सासूबाईंचं आजारपण मी त्याच्याच आधारानं काढलं.

म्हणून विनंती एवढीच, की अशा चित्रपटांवर लिहिताना कुणाच्या मनातलं कुठलं आणि घडलेलं कुठलं, हे तरी वेगळं ठेवावं. पडद्यावर उघडी अंगं दिसली की लेखक घाईत निकाल देतात आणि तो वाचून घरोघरी चॅनेल बदलतं.

माझं ऐकून हे बराच वेळ पंख्याकडे बघत बसले. रागावले असतील असं वाटलं. मग म्हणाले, "माझंही एक आहे, सांगू?" ते सांगून होईपर्यंत साडेबारा वाजले. उरलेला चित्रपट आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिला.

आपली,
एक नियमित वाचक, सातारा