अपील करण्याआधी

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या कोर्टात तू 'अल्फर्ड प्ली' दिलीस, म्हणजे मी गुन्हा केलेला नाही असं म्हणतच दोषी ठरवून घ्यायची कबुली दिलीस. आता त्यावर अपील करायचं म्हणतोस, जरूर कर. पण वरचं कोर्ट कशाचा विचार करतं, हे आधी समजून घे. 'मी हे केलेलं नाही' हे तू पहिल्या दिवसापासून सांगतो आहेस, आणि माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. अपिलात मात्र तो मुद्दा क्वचितच पुढे येतो. तुझा खटला ज्युरीपुढे चाललाच नाही, त्यामुळे पुरावा अपुरा होता असंही सहसा म्हणता येत नाही. तू समजूनउमजून आणि स्वतःच्या मर्जीनं कबुली दिलीस का, एवढंच बहुतेक पाहिलं जाईल.

ज्याच्या नावानं 'अल्फर्ड प्ली' ओळखली जाते, त्या हेन्री अल्फर्डवर नॉर्थ कॅरोलिनात खुनाचा आरोप होता. खटला हरला असता तर मृत्युदंड होऊ शकला असता. मी खून केलेला नाही, असं कोर्टात सांगतच त्यानं कमी दर्जाच्या खुनाची कबुली दिली आणि 30 वर्षांची शिक्षा पत्करली. पुढं, ही कबुली भीतीपोटी दिली होती म्हणून त्यानं दाद मागितली. 1970 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं ती वैध ठरवली. मरणाच्या भीतीनं दिलेल्या होकाराला मर्जी म्हणायचं, हे मला कधीच पटणार नाही. त्या निकालाशी तीन न्यायाधीशही असहमत होते.

तुझ्यासाठी खरा रस्ता मला वकिलाच्या सल्ल्यात दिसतो. कबुलीमुळे देशाबाहेर काढलं जाऊ शकतं, याची कल्पना परदेशी अशिलाला देणं वकिलाचं कर्तव्य आहे, असं 2010 च्या पडिला खटल्यात ठरलं. तुझ्या वकिलानं तर व्हिसाचा विषयही काढला नव्हता, असं तू म्हणालास. मग त्या दिवशी कोण काय बोललं, सगळं आठवून लिहून काढ. नुसती चूक दाखवून भागत नाही. हे माहीत असतं तर मी खटला लढवलाच असता, हेही पटवून द्यावं लागतं. आणि कबुली रद्द झाली की माणूस सुटतो, असं नाही. मूळचे आरोप पुन्हा उभे राहतात आणि शिक्षा आधीपेक्षा मोठीही होऊ शकते. नव्या वकिलाला हे पहिल्याच भेटीत स्पष्ट विचार.

अपिलाचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही केलीस म्हणून खचू नकोस. 2019 च्या गार्झा खटल्यातल्या आरोपीनंही तशी सही केली होती, त्याच्या दोन कबुल्यांपैकी एक अल्फर्डच होती. त्यानं सांगूनही वकिलानं अपील दाखल केलं नाही, म्हणून सुप्रीम कोर्टानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. तेव्हा अपील दाखल करा, असं वकिलाला लेखी कळव. फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात मुदत फक्त 14 दिवसांची असते, राज्याराज्यात ती वेगळी. तुझी कधी संपते, ते आजच विचार.

पैशाचं आम्ही बघतो. तू लिहायला बस आणि झालं तेवढं मला पाठव.

तुझी,
आई