कथा, लोर आणि गेमप्ले यांना वेगवेगळे गुण नकोत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मराठी वृत्तपत्रांत व्हिडिओ गेमचा विषय निघतो तो बहुधा मुलांच्या व्यसनाच्या, नाहीतर या उद्योगातील उलाढालीच्या निमित्ताने. एखाद्या गेमची कलाकृती म्हणून चिकित्सा क्वचितच वाचायला मिळते, आणि फँटसी रोल-प्लेइंग गेमच्या (म्हणजे अद्भुत जगातील पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या गेमच्या) बाबतीत ती झालीच, तर कथा, लोर (म्हणजे त्या कल्पित जगाचा इतिहास, देवदेवता, घराणी आणि दंतकथा) आणि गेमप्ले (म्हणजे प्रत्यक्ष खेळण्याची रीत) यांना स्वतंत्र गुण देऊन त्यांची बेरीज केली जाते. ही पद्धत मला मुळातच चुकीची वाटते, कारण या तिन्ही गोष्टी खेळणाऱ्याच्या हातात एकत्र येतात की नाही, यावरच अशा गेमची खरी प्रत ठरते.

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा 'द विचर ३: वाइल्ड हंट' (२०१५) पाहा. त्याच्या कथेची वाखाणणी सर्वत्र झाली, तर त्याचा नायक गेराल्ट याच्या जड हालचालींविषयी इतक्या तक्रारी आल्या की प्रकाशनानंतर काही महिन्यांतच हालचालींचा पर्यायी प्रकार द्यावा लागला. स्वतंत्र गुणांच्या हिशोबात हे प्रकरण इथेच मिटते. पण या खेळातला ब्लडी बॅरनचा प्रसंग आठवावा. दारूच्या नशेत पत्नीला मारहाण करणाऱ्या या सरदाराचे मृत अर्भक, विधिवत दफन न झाल्यामुळे, स्लाव्हिक लोककथांत येते तसे पिशाच बनले आहे. त्याला ठार मारता येते, किंवा त्याला नाव देऊन घराच्या उंबरठ्याखाली पुरता येते. दुसरा मार्ग निवडला, तर बॅरन ते अर्भक उचलून घराकडे चालू लागतो आणि वाटेत ते चवताळले की त्याला मंत्राने शांत करण्याचे, तसेच चाल करून येणाऱ्या भुतांना अडवण्याचे काम आपल्यावर येते. त्या काही मिनिटांत लोककथा, एका बापाचा अपराध आणि आपल्या बोटांखालची बटणे यांना एकमेकांपासून वेगळे काढताच येत नाही. याच गेममधील राक्षसांच्या नोंदवहीचे मात्र तसे होत नाही. कोणत्या राक्षसावर तलवारीला लावायचे कोणते तेल चालते हे तीत लिहिलेले असते, परंतु सोप्या काठिण्यपातळीवर ते न वाचताही सहज निभावते. वरच्या पातळीवर खेळणाऱ्याला तीच नोंदवही मन लावून वाचावी लागते, म्हणजे तिथे लोर पुन्हा खेळाचा भाग होते.

बेथेस्डाच्या एल्डर स्क्रोल्स मालिकेचे लोर विस्ताराने अफाट आहे. 'स्कायरिम'मध्ये (२०११) जागोजागी सापडणारी पुस्तके एकाच घटनेविषयी परस्परविरोधी माहिती देतात आणि कोणावर विश्वास ठेवायचा हे वाचणाऱ्यावर सोडतात. १९९६ च्या 'डॅगरफॉल'ला अनेक शेवट होते. पुढे त्यांतला एकच खरा न मानता, काळ भंगला आणि ते सगळे एकाच वेळी घडले, असे या मालिकेच्या इतिहासात नोंदवले गेले. खेळाची अडचण लोरने सोडवल्याचे इतके देखणे उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. तरीही 'स्कायरिम'ची मुख्य कथा हाताला लागत नाही. ड्रॅगन जगाचा अंत करायला निघालेले असताना नायक महिनोन्‌महिने फुले वेचत आणि घर सजवत फिरला, तरी त्या जगाला काहीही फरक पडत नाही.

फ्रॉमसॉफ्टवेअरच्या 'डार्क सोल्स'मध्ये (२०११) दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनी जवळजवळ उलटा मार्ग घेतला. तिथे सरळ सांगितलेली कथा फार थोडी असून बाकीचा इतिहास तलवारींच्या आणि अंगठ्यांच्या वर्णनांतून वेचावा लागतो. मरून पुन्हा सुरुवात करणे ही इतर खेळांत निव्वळ सोय असते. इथे नायकाला मरणच नाही हा त्या जगाचा शाप आहे आणि वारंवार हरून हताश होणे हीच त्या शापाची कथा आहे. म्हणून अवघड लढती हा या गेमचा वेगळा काढण्याजोगा गुण किंवा दोष ठरत नाही.

अशा खेळांत यश-अपयश ठरवणाऱ्या फाशांचेही तसेच आहे. २००२ च्या 'मॉरोविंड'मध्ये तलवार शत्रूला लागलेली डोळ्यांना दिसते, पण पडद्यामागचे गणित वार चुकला म्हणते, आणि खेळणारा वैतागतो. बेल्जियमच्या लॅरियनचा 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) वीस बाजूंचा फासा संवादाच्या वेळी समोर पडद्यावर टाकून दाखवतो. अपयश आले तरी कथा नव्या वाटेने पुढे जात असल्यामुळे तो निकाल आपलासा वाटतो.

'प्लेनस्केप: टॉर्मेंट' (१९९९) हा लढाई कमकुवत असूनही श्रेष्ठ मानला जातो, असा आक्षेप यावर घेतला जाईल. परंतु त्या खेळाचा गेमप्ले लढाईत नव्हताच. नायकाच्या बुद्धीनुसार आणि शहाणपणानुसार खुले होणारे संवाद हाच त्याचा गेमप्ले होता, आणि लढाईलाच गेमप्ले समजणाऱ्या परीक्षणाला तो दिसणे शक्य नाही.

आपल्या रविवार पुरवणीत चित्रपट आणि नाटकांच्या परीक्षणांशेजारी अशा खेळांनाही नियमित जागा द्यावी, आणि त्यांचे परीक्षण तो खेळ शेवटपर्यंत खेळलेल्या व्यक्तीकडूनच लिहून घ्यावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक