दादा, त्या भिंतीला सिमेंट नको

प्रिय दादा,

वहिनींनी पाठवलेले फोटो काल रात्री नीट झूम करून बघितले. मागच्या खोलीच्या भिंतीला खालून कमरेपर्यंत ओल, रंगाचे पोपडे, त्यावर पांढराशुभ्र लोणा, आणि तू म्हणतोस गवंडी पुढच्या आठवड्यात जुना गिलावा पाडून सगळीकडे सिमेंटचा करणार, वर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, म्हणजे कायमचा प्रश्न मिटला. मिटणार नाहीये. फोनवर तू 'बघू गं' म्हणतोस आणि विषय तिथेच संपतो म्हणून हे एवढं टाईप करत बसलेय. आधी गवंड्याला थांबव, मग निवांत वाच.

आमचं इकडचं घर शंभर वर्षांच्या पुढचं आहे हे तुला माहितीये. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं हातोडी-छिन्नी घेऊन भिडलेले असतो, यांना सुतारकाम आवडतं आणि गवंडीकाम माझ्याकडे आलंय. तर झालंय काय, आमच्या आधी कोणीतरी बाहेरच्या विटांच्या दर्जा, म्हणजे दोन विटांमधल्या फटी, सिमेंटने भरून ठेवल्यात. लांबून एकदम टापटीप. जवळ जाऊन बघितलं तर सिमेंटच्या रेघा जशाच्या तशा ताठ उभ्या आणि मधल्या विटाच आत खचल्यात, मधाचं पोळं दिसतं ना तसं, आणि बोट फिरवलं की लाल भुगा हातात. मजबूत माल राहिला आणि घर झिजलं. आजोबांनी बांधलेलं आपलं घरही चुन्यातलंच आहे रे, म्हणून तर माझा जीव खालीवर होतोय.

आता हे असं का होतं ते सांगते. जुन्या भिंती भरीव असतात, वीट मऊ, चुना त्याहून मऊ. पावसाचं, जमिनीचं पाणी थोडंफार आत जातं आणि हवा कोरडी झाली की चुन्याच्या दर्जांतून, गिलाव्यातून परत बाहेर पडतं. भिंत ओली होते, वाळते, परत ओली होते, त्यात काही बिघडत नाही. सिमेंट हे सगळं येण्याआधीची ही घरं, पोर्टलंड सिमेंटचं पेटंटच मुळात 1824 सालचं, जोसेफ ॲस्पडिन नावाच्या लीड्सच्या गवंड्याने घेतलेलं, आणि गावोगावी ते पोचायला त्यानंतर कितीतरी काळ गेला. सिमेंटचा गिलावा घट्ट, त्यातून पाणी फार हळू बाहेर पडतं. मग आतलं पाणी काय करणार, जिथून वाट मिळेल तिथून निघणार, म्हणजे विटेतून नाहीतर गिलाव्याच्या वर अजून दोन फूट चढून. पाण्याबरोबर क्षार येतात, पाणी उडतं, क्षारांचे खडे तयार होतात आणि ते विटेचा पापुद्रा आतून ढकलून काढतात. हाच तुझा लोणा. इकडे त्यात थंडीची भर, गोठताना पाणी साधारण 9 टक्के फुगतं, त्यामुळे आमच्या विटा लवकर गेल्या. तुमच्याकडे बर्फ नाही पण क्षार आहेतच की.

गवंडी म्हणेल ताई, चुन्यात ताकद कुठे असते. बरोबर आहे त्याचं, नसते, आणि नकोच आहे. दर्जेतला माल विटेपेक्षा कमजोर असला पाहिजे, कारण झिजायचं काय तर ते मालाने झिजावं, तो पन्नास वर्षांनी परत भरता येतो, वीट परत कुठून आणणार? स्लॅबला, बाथरूमला, नवीन बांधकामाला सिमेंट खुशाल वापर, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण ह्या भिंतीला नाही.

आणि मुळात गिलाव्याच्या आधी पाणी येतंय कुठून ते शोध. लोक इथेच घाई करतात. आतून किती मलमपट्टी केली तरी बाहेरून पाणी चालू असेल तर सगळं वाया. पन्हळ कुठे फुटलीय का, पावसाळी पाईपचं पाणी भिंतीच्या पायथ्याशी पडतंय का, छपराची कौलं सरकलीयेत का, हे आधी. दुसरं म्हणजे अंगण. तुम्ही फरशी बसवलीत तेव्हा खाली भर टाकली ना, मागच्या वेळी मी आले तेव्हा त्या बाजूला जोत्याच्या दगडाची नुसती वरची कड दिसत होती. माझा संशय तिथेच आहे. बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा निदान 150 मिलिमीटर तरी खाली पाहिजे आणि उतार भिंतीपासून लांब. तुमच्याकडे उलट झालंय, पाणी भिंतीला टेकून बसतंय. त्या कडेची एक-दोन फूट रुंदीची फरशी उचल, माती काढ, खडी भर. गवंडी नको, तू आणि बंटी मिळून कराल.

एक साधी टेस्ट पण कर. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉईल घे, भिंतीवर सपाट लाव, चारी बाजू टेपने बंद कर आणि दोन दिवस ठेव. पाणी खोलीच्या बाजूला साचलं तर ती हवेतली वाफ, म्हणजे खिडकी उघडायचा प्रश्न, कपाट भिंतीला चिकटवून ठेवायचा प्रश्न. फॉईलच्या मागे साचलं तर भिंतीतून येतंय. आणि कोणी दोन काट्यांचं मीटर टोचून 'बघा साहेब किती ओल' असं दाखवायला आला तर त्याचं मनावर घेऊ नकोस, ती मीटरं लाकडासाठी बनवलेली असतात, भिंतीत क्षार असले की आकडा उगाच वर जातो.

पाणी बंद झालं की लगेच रंगवायचं नाही हं. ढोबळ हिशोब असा की जाड भिंत महिन्याला साधारण एक इंच वाळते, म्हणजे आपली दीड फुटाची भिंत दीड वर्ष घेणार, मधे पावसाळा आला की अजून. वहिनींना हे आवडणार नाही मला माहितीये. सुटलेला गिलावा पाड, कोरड्या ब्रशने लोणा झाडून सुपलीत गोळा कर आणि बाहेर टाक, पाण्याने धुऊ नकोस, धुतलं की क्षार परत आत जातात. आणि भिंत उघडी राहू दे.

मग दर्जा. ग्राइंडर लावू देऊ नकोस, विटांच्या कडा उडतात. बारीक छिन्नीने दर्जेच्या रुंदीच्या दुप्पट खोल माल काढायचा, भुगा झाडायचा, आणि पाणी मारायचं, विटेने पाणी पिणं थांबवेपर्यंत मारायचं पण वर थेंब उभे राहता कामा नयेत. माल एक भाग चुना, तीन भाग जाडसर वाळू, आणि तो घट्ट हवा, मुठीत दाबला तर गोळा व्हावा आणि हाताला चिकटू नये. दमट भिंतीला सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, घाला थोडी, चांगली बारीक, म्हणजे ओलीतही धरतं. भरताना आतून बाहेर दाबत यायचं, थापीने वरवर पुसायचं नाही. मग थांबायचं. बोट दाबलं तर खळगा पडत नाही पण नखाने ओरखडा उठतो, अशी वेळ येते, तेव्हा राठ ब्रशने नुसतं ठोकायचं. मला ह्या कामाचं व्यसन लागलंय खरं सांगू. नंतर ओलं गोणपाट लटकवून ठेवायचं, चुना हवेतला कार्बन डायऑक्साईड घेऊन हळूहळू दगड होतो, उन्हात एकदम सुकला तर नुसती पावडर होते. म्हणून भर उन्हाळ्यात काम काढू नका. गिलावाही असाच, पातळ थरांत, आणि वर चुन्याचाच रंग. प्लॅस्टिक पेंट लावलास तर एवढं सगळं करून परत रेनकोट घातला म्हणून समज.

बाकी दोन गोष्टींना हात लावायच्या आधी मला फोन कर. एक, जुन्या दारांचा ऑइल पेंट, तो कोरडा घासू नका, त्यात शिसं असणार. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची 90 पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत 90 भागांची, मर्यादा 2016 च्या नियमांनी आली, आपली दारं त्याच्या कितीतरी आधीची. पाणी मारून ओलं खरवडा, आणि परीला त्या खोलीत अजिबात सोडू नका. दोन, मागच्या शेडचे सिमेंटचे पत्रे, त्यात ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून गेले तर फुफ्फुसांना घातक असे बारीक तंतू, असायची दाट शक्यता. आहेत तसे धड असतील तर राहू देत, पण ड्रिल नाही, कापणं नाही, झाडूने भुगा झाडणं तर नाहीच.

कळीचा चुना भिजवताना तो उकळतो आणि उडतो, तेव्हा गॉगल आणि हातमोजे घाल, 'मला काही होत नाही' हे तुझं नेहमीचं तिथे चालणार नाही. चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. गवंड्याला विचार चुन्यात काम केलंय का, नसेल केलं तर कपाटामागच्या कोपऱ्यात हातभर जागा करून दाखव म्हणावं, आणि तो 'चिमूटभर सिमेंट टाकू का ताकदीला' असं म्हणालाच तर नको म्हण.

अंगणाच्या त्या कडेचा आणि पन्हळीच्या खालच्या टोकाचा फोटो टाक, जमल्यास पाऊस चालू असताना. आई-बाबांना नमस्कार, परीला पापा.

तुझी,
छोटी