लाकडाला गाव असतं, साहेब

मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : परदेशी जंगलांतून येणाऱ्या लाकडाचा उगम वखारीच्या बिलापर्यंत लिहिला जावा, याबाबत.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

सोलापुरात आमची लाकडाची वखार आहे. आजोबा हातमाग दुरुस्त करायचे, वडिलांनी आरा मशीन घातली, आणि गेली ३१ वर्षं ती मी चालवतो. आमच्या जिल्ह्यात जंगल म्हणजे माळ. नान्नजचा माळढोकाचा गवताळ पट्टा हीच आमची वनसंपत्ती. त्यामुळे आमच्याकडे येणारं जवळजवळ प्रत्येक चांगलं लाकूड दुसऱ्या कुणाच्या तरी जंगलातून येतं. ते कुठलं जंगल, हे मला माझ्याच धंद्यात कळत नाही, म्हणून हे पत्र.

मागच्या उन्हाळ्यात मंगळवार पेठेतलं एक माळवदी घर पाडलं. सात खणांचं. त्याच्या सागवानी तुळया मी विकत घेतल्या. त्याच दुपारी 'मलेशियन साल' म्हणून मागवलेल्या चौकटीच्या मालाचा ट्रकही आला. दोन्ही लाकडं शेजारी शेजारी पडली होती. तुळईचं एक टोक रंधून, पाणी मारून भिंगाखाली धरलं. गाभ्यापासून कडेपर्यंत ११८ वलयं मोजली. झाड याहूनही म्हातारं असणार, कारण बाहेरचा भाग तासून गेलेला. मग सालाचा तुकडा घेतला. तांबूस, बारीक छिद्रांचा, सुबक. त्यात एकही वलय नीट मोजता येईना.

यात माझ्या भिंगाचा दोष नव्हता. साग उन्हाळ्यात पानं गाळतो, वाढ थांबवतो, म्हणून त्याचं वर्षाचं वर्षाला वलय पडतं. विषुववृत्ताजवळच्या सदाहरित जंगलात थांबण्याचा ऋतूच नाही, त्यामुळे तिथल्या बहुतेक झाडांच्या अंगावर वर्षं नीट लिहिलेली नसतात. तिथे झाड किती वर्षांत जाड होतं हे जाणून घ्यायचं, तर जंगलातले ठरावीक तुकडे राखायचे, झाडांना क्रमांक द्यायचे आणि दर काही वर्षांनी टेप लावून घेर मोजायचा. हे पिढ्यान्‌पिढ्यांचं काम आहे. आणि 'किती वर्षांनी परत तोडायचं' हा सगळा हिशेब त्याच मोजणीवर उभा आहे.

विक्रेता सांगतो, "साहेब, काळजी नको, हे निवडक तोडीचं लाकूड आहे. जंगल सपाट करून आणलेलं नाही." हे ऐकून मी बरीच वर्षं समाधानी होतो. मग वाचायला लागलो, आणि समाधान गेलं.

निवडक तोड म्हणजे जंगलातली सगळी झाडं न पाडता ठरावीक जातींची, ठरावीक जाडीवरची थोडीच झाडं काढायची, बाकी जंगल उभं ठेवायचं आणि त्या तुकड्यात पुन्हा ठरलेल्या वर्षांनीच जायचं. कल्पना जुनी आहे आणि तिचा एक धागा आपल्याच वनखात्यात येतो. १८५६ साली डीट्रिच ब्रँडिस नावाचा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रह्मदेशात (आताच्या म्यानमारमध्ये) पेगूच्या सागवनांवर नेमला गेला. पुढे १८६४ मध्ये तोच हिंदुस्थानच्या वनखात्याचा पहिला महानिरीक्षक झाला. त्याच्या पद्धतीवरून तिथे ३० वर्षांचं चक्र बसलं. जंगलाचे तीस भाग, दरवर्षी एकाच भागात तोड. चांगल्या जंगलात साडेसात फूट घेराच्या आतला साग तोडायचा नाही. पाडायच्या सागाला आधी बुंध्याशी कडं कोरून उभाच वाळू द्यायचा, सुमारे तीन वर्षं, कारण ओला साग पाण्यावर तरंगत नाही. वाळला की पाडायचा, हत्तीने ओढून ओढ्यापर्यंत न्यायचा आणि इरावतीच्या पाण्यावर सोडायचा.

यात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो उभं वाळवण्याचा काळ. झाडाला हात लावल्यापासून लाकूड हाती येईपर्यंत तीन वर्षं थांबायची ताकद व्यवस्थेत होती. ती ताकद संपल्यावर काय झालं तेही आपल्यासमोर आहे. चक्र पूर्ण व्हायच्या आत त्याच तुकड्यात परत परत गेले, ठरल्याहून जास्त काढलं, शेवटी १ एप्रिल २०१४ पासून म्यानमारने ओंडक्यांची निर्यातच बंद केली. नियम कागदावर होता तसाच राहिला, जंगल मात्र विरळ झालं. आणि त्या ओंडक्यांच्या मोठ्या गिऱ्हाइकांत आपण होतो, हे विसरून चालणार नाही.

ब्राझीलचा नियम वाचला. अॅमेझॉनमध्ये यंत्राने तोड असेल तर हेक्टरी फार तर ३० घनमीटर, आणि परत यायचं ३५ वर्षांनी. कानाला चांगलं वाटतं. पण जगभरच्या शंभराहून अधिक अभ्यासांचा एक आढावा २०१२ साली निघाला, त्यातली दोन गणितं शेजारी ठेवून बघा. निवडक तोडीनंतर जंगलातला सुमारे ७६ टक्के कार्बन टिकतो आणि सस्तन प्राणी, पक्षी, कीटक, वनस्पती यांच्या ८५ ते १०० टक्के जाती टिकतात. ही खरंच चांगली बातमी आहे. पण लाकडाचं उत्पन्न दुसऱ्या तोडीला पहिल्यापेक्षा सुमारे ४६ टक्क्यांनी घटतं. म्हणजे जंगल राहतं, पण धंदा ज्याच्या भरवशावर उभा केला ते लाकूड निम्म्यावर येतं. पहिल्या तोडीत मिळालेली झाडं शेकडो वर्षांची पुंजी होती, ते काही तीस वर्षांचं व्याज नव्हतं. कंपन्या ती पुंजी मिळकत म्हणून मोजतात, आणि पुढच्या फेरीला कमी पडलं की नव्या जंगलात शिरतात किंवा जाडीची अट खाली आणायला लावतात.

आणि हे सालाचं झाड तर आणखी वेगळं. आपल्या छत्तीसगडमधल्या सालाचाच हा सोयरा, कूळ एकच. मलेशियाचा काही भाग ज्या बोर्निओ बेटावर आहे, तिथल्या जंगलात या कुळातली झाडं दरवर्षी फुलत नाहीत. आपल्या आंब्याला जसा एक वर्षाआड बहर, तसा त्यांना काही वर्षांआड येतो, पण येतो तेव्हा सगळ्या जंगलाला एकदम येतो. बी फार दिवस जगत नाही, पडलं की रुजायचं नाहीतर सडायचं. अशा बहराच्या आधीच्या वर्षी जर जाडजूड, बी धरणारी झाडं काढून नेली, तर त्या तुकड्यात पुढची पिढी कोण घालणार? जाडीची अट पाळली, कागद स्वच्छ, तरी आईच नेली. म्हणून किती झाडं काढली यापेक्षा कोणती ठेवली, हा प्रश्न मोठा आहे, आणि तो आपल्या बिलावर कुठेच नसतो.

तोडीची रीतही महत्त्वाची. तिथे वेली एका झाडाच्या शेंड्यावरून दुसऱ्यावर गेलेल्या असतात. एक झाड पडताना चार ओढून नेतं. वेली काही महिने आधी कापल्या, झाड कुठल्या दिशेला पाडायचं ते ठरवलं, ओंडके ओढायच्या वाटा आधी आखल्या, तर मागे राहिलेल्या झाडांचं नुकसान निम्म्याहून खाली येतं. मलेशियाच्या सबा राज्यात १९९० च्या दशकात हे करून बघितलेलं आहे. पैसेही फार लागत नाहीत, लागतं ते शिक्षण आणि धीर. पण रस्ता राहतोच. अॅमेझॉनमध्ये उपग्रहाच्या चित्रांवरून असं दिसलं की निवडक तोड झालेल्या क्षेत्रापैकी सुमारे १६ टक्के क्षेत्र वर्षभराच्या आतच पूर्ण सपाट झालं. लाकूडवाल्याने वाट पाडली, मागून कुऱ्हाड आणि काडेपेटी आली.

एवढं लिहूनही मी आपल्याकडे या लाकडावर बंदी मागत नाही. यात माझा धंदा आहे हे मी लपवत नाही, पण कारण तेवढंच नाही. ज्या जंगलातून चार पैसे मिळत नाहीत, ते तिथे पाम तेलाच्या मळ्यासाठी साफ होतं, आणि ते तेल आपल्याच कढईत येतं. दोनदा तोड झालेलं बोर्निओचं जंगलही पाम मळ्यापेक्षा पक्ष्यांनी किती तरी भरलेलं असतं. उभं जंगल कमावतं राहणं हाच त्याचा बचाव आहे. अट एवढीच, की जो नीट तोडतो आणि जो ओरबाडतो, त्या दोघांचं लाकूड माझ्या वखारीत एकाच भावाने, एकाच नावाने येऊ नये. आज ते तसंच येतं.

आपण आपली जंगलं वाचवली, हे खरं आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणाने पावसाळी जंगलं पूर्ण जपायची ठरवली. १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्य आयोजनेशिवाय (कुठे, किती, कधी तोडायचं याच्या आराखड्याशिवाय) होणारी तोड थांबवली. २००२ मध्ये अंदमानच्या नैसर्गिक जंगलांतली व्यापारी तोडही थांबली. पण आपली घरं बांधायची थांबली नाहीत. दारं, चौकटी, प्लायवूड लागतच राहिलं, आणि आपली करवत दुसऱ्यांच्या जंगलात गेली. प्लायवूडच्या वरच्या पातळ थराला म्यानमारचं गर्जन नावाचं लाकूड लागायचं. ते बंद झालं तर आफ्रिकेतल्या गाबोनचं ओकुमे आलं. गिऱ्हाइकाला फरकही कळला नाही.

आता आपल्या खात्याचंच उदाहरण देतो. आमच्याकडे बार्शीच्या एका शेतकऱ्याने बांधावरचे सहा साग विकायला काढले. परवानगीचा अर्ज, मोजणी, ओंडक्यावर हातोड्याचा ठसा, वाहतूक परवाना. त्याचे हेलपाटे मी डोळ्यांनी पाहिले. एवढं करून ते झाड कुणाच्या बांधावरचं, कुठल्या गटातलं, हे मला शेवटच्या फळीपर्यंत सांगता येतं. आणि गुजरातेत कांडला बंदराजवळच्या गांधीधामहून आलेल्या ट्रकच्या बिलावर काय? 'इम्पोर्टेड सॉन टिंबर', म्हणजे बाहेरून आलेलं चिरीव लाकूड, घनफूट आणि रक्कम. एका पुरवठादाराला मी विचारलं, कुठल्या देशाचं? तो म्हणाला, "शेठ, तुम्हाला चौकट करायची की पासपोर्ट?" बार्शीच्या बांधाचा पत्ता लागतो आणि हजारो मैलांवरच्या अख्ख्या जंगलाचा लागत नाही, हे बदलणं आपल्या हातात आहे.

आरा गिरण्यांचे परवाने आपलं खातं देतं, नोंदवह्या आपलं खातं तपासतं. त्या नोंदवहीत परदेशी मालासाठी तीन रकाने वाढवा : झाडाचं शास्त्रीय नाव, देश, आणि जिथून तोडलं त्या जंगलाचं किंवा परवानाक्षेत्राचं नाव. पहिल्या वर्षी दंड नको, फक्त लिहायला लावा. माझ्यासारखे शेकडो वखारवाले मागायला लागले की बंदरावरच्या व्यापाऱ्याला ते द्यावंच लागेल. दुसरं, सरकार स्वतः मोठं गिऱ्हाईक आहे. शाळा, दवाखाने, वसतिगृहं यांच्या दारांच्या निविदेत उगम माहीत असलेलं लाकूडच चालेल, अशी एक ओळ घाला. आपल्या वनविकास महामंडळाचा साग आहे, शेतकऱ्यांच्या बांधावरचा आहे, आणि डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने देशी लाकडाच्या प्रमाणीकरणाची योजनाही आणली आहे. बार्शीच्या त्या शेतकऱ्याला तिथे गिऱ्हाईक मिळू द्या.

केंद्राकडेही आपण आवाज उठवावा. अमेरिकेने २००८ मध्ये, ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये बेकायदा तोडलेलं लाकूड देशात घ्यायचं नाही असे कायदे केले, युरोपात २०१३ पासून तसा नियम लागू झाला. त्यांच्या दारातून परत फिरलेलं लाकूड आपल्या बंदरात उतरायला नको.

आणि एक छोटी मागणी, सोलापूरपुरती. आमच्या वन विभागाच्या कार्यालयात लाकडांच्या नमुन्यांची एक पेटी ठेवा. शंभर-दीडशे जातींचे ओळखीचे तुकडे, नावासकट, आणि दहापट मोठं दाखवणारं एक भिंग. बेंगळुरूच्या लाकूड विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत लाकूड ओळखण्याची विद्या आहे. तिथल्या माणसाने येऊन दोन दिवस आम्हाला आणि आपल्या वनरक्षकांना शिकवलं, तर बिलावर लिहिलेलं नाव आणि समोरची फळी जुळते का हे आम्हीच पाहू शकू. आज आम्ही रंग, वजन आणि भुशाच्या वासावर चालतो, आणि रंग तर पॉलिशवालाही लावतो.

हे सगळं अवघड वाटत असेल, तर गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या लेखा-मेंढ्याकडे बघा. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर ग्रामसभेचा हक्क मान्य झाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तकही ग्रामसभेच्या हाती आलं. बेटातला यंदाचा कोंब तोडायचा नाही, हे तिथल्या माणसाला शिकवावं लागत नाही, कारण पुढच्या वेळी त्याच बेटाशी त्यालाच यायचं आहे. बोर्निओत किंवा गाबोनमध्ये तोडणाऱ्या कंपनीला परत त्याच झाडाशी यायचं नसतं. तिला विचारणारं कुणीतरी हवं, आणि पैसे देणारे आपण आहोत.

या पत्रासोबत मी सालाचा एक सहा इंची तुकडा पाठवत आहे. मागच्या उन्हाळ्यात आलेल्या त्याच ट्रकमधला. त्याच्या मागे पेन्सिलने आवक तारीख लिहिली आहे. बिलाची प्रतही जोडली आहे. हे झाड कुठल्या जंगलात उभं होतं, तिथे याआधी तोड कधी झाली आणि आता पुन्हा कधी होणार आहे, एवढं आपल्या खात्याने मला शोधून कळवावं. उत्तर येईपर्यंत त्या मालातल्या उरलेल्या चौकटी मी विकायच्या थांबवल्या आहेत. त्या वखारीत भिंतीला टेकून उभ्या आहेत.

आपला विश्वासू,
एक वखारवाला, सोलापूर