आईचा हात सैल करणाऱ्या ताईंचे आभार

भात कापताना विळा लागून आईच्या डाव्या तळहातातली कंडरा, म्हणजे बोटं वाकवणारी दोरीसारखी शीर, तुटली. बेळगावात ऑपरेशन झालं, जखम भरली, पण व्रण दगडासारखा कडक झाला. आतली कंडरा त्याला चिकटली आणि दोन बोटं आत ओढली गेली. भाकरी थापणं सोडाच, साधा तांब्याही धरवेना. पुन्हा ऑपरेशन म्हटलं की आई रडायची.

तेव्हा फिजिओथेरपीच्या ताई भेटल्या. त्या कन्नड बोलणाऱ्या, पण 'अव्वा, घाबरू नको' म्हणत आईशी मराठीतच बोलायच्या. आधी कोमट मेणात हात बुडवायचा, मग अंगठ्याने व्रण दाबून गोल गोल चोळायचा, मग एकेक बोट वाकवून सरळ करायचं. रात्री व्रणावर सिलिकॉनची पट्टी आणि वर स्प्लिंट, म्हणजे बोटं सरळ ठेवणारा आधार. व्रण मऊ व्हायला महिने लागतात, कधी वर्षही लागतं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. त्यामुळेच आम्हाला धीर धरता आला.

बोटांच्या व्यायामासाठी मुठीत दाबायचा मऊ गोळा, म्हणजे पुट्टी, महाग, म्हणून त्या म्हणाल्या, 'घरचं पीठच मळून आणा.' एकदा खानापूरची बस उशिरा आली, ओपीडी बंद व्हायची वेळ झालेली. तरी त्या थांबल्या. आईचा हात मांडीवर घेऊन दुखेल तिथे थबकत, तिच्या शेताची चौकशी करत पूर्ण व्यायाम करून घेतला.

करंगळी अजून थोडी वाकडी आहे, पण आई आता भाकरी थापते. ताई, नाव छापू नका म्हणालात म्हणून लिहीत नाही. तुमचे, आणि आईला खिडकीजवळची जागा देणाऱ्या त्या कंडक्टरदादांचेही मनापासून आभार.