चेंगडूला निघण्याआधी

पुणे, आषाढ

तीर्थरूप आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की आई गप्प होते आणि बाबा लगेच ‘बरं, जेवलीस का’ म्हणून पुढे जातात. म्हणून लिहायला बसले. मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायला नको. चीनमधल्या चेंगडूच्या शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी मी घेतली आहे. करारावर सही झाली, वर्क परमिटचं पत्र हातात आलं, मुंबईला जाऊन व्हिसाचे कागदही दिले. ऑगस्टच्या मध्याला निघायचं आहे, कारण तिथलं शैक्षणिक वर्ष १ सप्टेंबरला सुरू होतं.

तुम्हाला विचारून ठरवलं नाही, याचं तुम्हाला वाईट वाटणार. पण विचारलं असतं तर तुम्ही दोघांनी ‘जा’च म्हटलं असतं आणि मग आई आत जाऊन देवघरासमोर बसली असती. इंग्लंडला, लीड्सला शिकायला गेले त्या वेळी तसंच झालं होतं. या वेळी ते ‘जा’ तुमच्या तोंडून काढून घ्यायचं नव्हतं. जे काही बरंवाईट होईल ते माझं मी ठरवलेलं असू दे.

बाबा, तुमची पहिली शंका मला माहीत आहे. एजंटाने फसवलं तर? मध्ये एजंट कोणी नाही, शाळेशी सरळ व्यवहार आहे. तिथे २०२१च्या जुलैमध्ये सरकारने शाळेच्या विषयांच्या नफेखोर शिकवण्या बंद केल्या, मोठमोठे क्लास बसले आणि त्यात परदेशी शिक्षकांच्याही नोकऱ्या गेल्या. मी क्लासमध्ये नाही, शाळेत जाते आहे. ‘आधी टूरिस्ट व्हिसावर या, मग बघू’ म्हणणारे मलाही भेटले, त्यांना मी उत्तरसुद्धा दिलं नाही. नोकरीचा व्हिसा वेगळा असतो, त्याला झेड व्हिसा म्हणतात. आधी परमिटचं पत्र, मग व्हिसा, पोचल्यावर २४ तासांत पोलिसांकडे पत्त्याची नोंद आणि ३० दिवसांच्या आत रहिवासी परवान्याचा अर्ज, असा सगळा क्रम आहे. परमिटचं पत्र आल्याशिवाय इथला राजीनामा मी दिला नाही. सगळ्या कागदांच्या झेरॉक्स हिरव्या फाइलमध्ये लावून तुमच्याकडे ठेवणार आहे. राहायचं घर शाळा देते, वर्षातून एकदा जाण्यायेण्याचं तिकीट देते, आजारपणाचा विमा आहे. लीड्सच्या कर्जाचे उरलेले हप्ते तिथल्या पगारातून लवकर फिटतील आणि मग गुडघ्याच्या ऑपरेशनला ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणायची सोय आईला राहणार नाही.

पण फक्त पैशासाठी जाते आहे असं समजू नका. इंग्रजी शिकवणाऱ्याची ती मातृभाषा असावी असा तिथला नियम आहे, म्हणजे व्यवहारात इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा देशांचा पासपोर्ट. माझा भारतीय पासपोर्ट बघून कितीतरी शाळांनी पुढे पत्रच पाठवलं नाही. या शाळेने लीड्सची पदवी आणि पुण्यातली शिकवण्याची वर्षं धरली आणि अर्ज मंजूर करून घेतला. बाबा, कुर्डुवाडीच्या जागेबद्दल आपण घरात कधी बोलत नाही. आज एवढंच लिहिते, की ती पदवी नसती तर हे दार उघडलं नसतं.

आणि मी मराठी शाळेतली, पाचवीत ए बी सी डी गिरवायला लागलेली मुलगी आहे. बाबा रविवारी इंग्रजी पेपर आणायचे, गच्चीवर मला एक बातमी मोठ्याने वाचायला लावायचे आणि अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारायचे. स्वतः कधी उच्चार सांगायचे नाहीत, ‘डिक्शनरी आण’ म्हणायचे. आई खाली शेंगा फोडत बसलेली असायची आणि ‘पोरीला ऊन लागतंय’ म्हणून ओरडायची. इंग्रजी मला अशी मिळाली. चीनमध्ये मुलं तिसरीपासून इंग्रजी शिकतात, घरात ती भाषा कोणाला येत नाही, आणि बारावीनंतरच्या त्यांच्या प्रवेशपरीक्षेत, गाओखाओत, ७५० पैकी १५० गुण इंग्रजीला असतात. आपल्याकडे दहावी-बारावीला घरात जसा टीव्ही बंद होतो, तसा तिथे जून जवळ आला की घराघरात होतो. ‘ए’, ‘अ‍ॅन’, ‘द’ त्यांच्या भाषेत नाहीत, आपल्याही भाषेत नाहीत. क्रियापदाचं रूप काळाप्रमाणे बदलतं हे तर त्यांना पहिल्यांदाच कळतं. अशी मुलं कुठे आणि का अडतात ते मला आतून माहीत आहे, कारण त्याच जागी मी अडले होते. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला ते समजावून घ्यावं लागतं. हे काम मला चांगलं जमेल, बाबा, मला खात्री आहे.

आई, तू दादाला म्हणालीस, ‘कोटणीस गेले ते परत आले नाहीत.’ दादाने मला सांगितलं, त्याच्यावर रागावू नकोस. सोलापूरच्या माणसाला चीन म्हटलं की तेच आठवणार. भैय्या चौकाकडून जाताना बाबा सायकल हळू करायचे आणि ते घर दाखवायचे. पण डॉक्टर कोटणीस १९३८मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून गेले तेव्हा तिथे युद्ध पेटलेलं होतं. उत्तरेच्या डोंगरांत जखमींवर ऑपरेशनं करत ते राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराने गेले. त्या पथकात पाच डॉक्टर होते आणि बाकीचे चौघे घरी परतले, हेही बाबांनीच सांगितलं होतं, ते तू का विसरतेस? शिजियाझुआंग नावाच्या शहरात त्यांची समाधी आहे. एप्रिलच्या सुरुवातीला तिथे पूर्वजांच्या समाध्या झाडून फुलं वाहायचा सण असतो, त्या दिवसांत लोक त्यांच्याही समाधीवर फुलं ठेवतात. चेंगडूहून रेल्वेने एका दिवसात पोचता येतं. बाबा, तुम्ही दोघं आलात की आपण जायचं. जास्वंदाची फुलं तिथे मिळतील की नाही माहीत नाही, मिळेल ते वाहू.

भूकंपाचं मी लपवत नाही. चेंगडू सिचुआन प्रांतात आहे आणि १२ मे २००८ला तिथे मोठा भूकंप झाला, जवळजवळ सत्तर हजार माणसं गेली, त्यात शाळेतली मुलं खूप होती. केंद्र शहरापासून ८०-९० किलोमीटरवर डोंगरात होतं, खुद्द चेंगडूत हानी त्या मानाने कमी झाली. त्यानंतर शाळांच्या इमारतींचे नियम कडक केले, आणि आता धक्का पोचायच्या काही सेकंद आधी मोबाइलवर, टीव्हीवर इशारा वाजतो. किल्लारीच्या पहाटे बाबांनी आम्हा दोघांना उचलून अंगणात नेलं आणि पुढे कितीतरी रात्री आपण सगळे बाहेर सतरंजीवर झोपलो. मला त्यातलं फक्त आकाश आणि आईचा पदर आठवतो. दाराजवळ टॉर्च, पाण्याची बाटली आणि चपला ठेवायची सवय मला तुमच्याकडूनच लागली आहे. तिथेही ठेवीन.

सीमेचंही मनात आहे, बाबा. जून २०२०मध्ये गलवानला आपले २० जवान गेले, तेव्हा तुम्ही टीव्ही बंद करून बराच वेळ गॅलरीत उभे होता. ते मी विसरलेले नाही, विसरणारही नाही. माझ्या वर्गात बसणार आहेत ती बारा-तेरा वर्षांची मुलं. त्यांना मी माझ्या देशाचं नाव सांगून शिकवणार आहे. त्या वर्षी कोविडमुळे बंद झालेली आणि पुढे सीमेच्या तणावात बंदच राहिलेली थेट विमानं २०२५च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली, पहिलं कोलकात्याहून ग्वांगझूला गेलं. मला मात्र बँकॉक किंवा हाँगकाँगला विमान बदलणं सोयीचं पडेल. आपली वकिलात बीजिंगमध्ये आहे, शांघाय आणि ग्वांगझूला कॉन्सुलेट आहेत. तिन्हींचे फोन नंबर फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलेत.

आता जेवण. आई, हे नीट वाच. सिचुआनचे लोक तिखट खातात, आपल्यासारखंच सपाटून, आणि त्यात शेंगदाणेही घालतात. जीभ बधिर करणारे एक फळ ते प्रत्येक भाजीत टाकतात, ते म्हणजे मालवणच्या मावशीच्या त्रिफळाचं सख्खं भावंड आहे. बौद्ध मठांत शुद्ध शाकाहारी जेवण मिळतं. शहराच्या मधोमध वेन्शू मठ आहे, तिथे तशी खानावळ आहे. ‘वो छ्र सू’, मी शाकाहारी आहे, हे वाक्य मी पाठ केलंय. बाहेर डुकराची चरबी कशात असेल सांगता येत नाही, म्हणून बहुतेक वेळा घरीच करून खाईन. खोलीत दोन शेगड्यांचा ओटा आहे, कुकर इथून नेते. ज्वारी तिथेही पिकते, पण बरीचशी दारूच्या भट्टीत जाते, तरी पीठ मिळतं असं कळलंय. मालदांडीची चव येणार नाही, पण भाकरी होईल. तूप देऊ नकोस, दूधदुभत्याचे पदार्थ सामानातून नेऊ देत नाहीत. मेतकूट दे, गोडा मसाला दे, कडक भाकरी दे. आणि एवढंच दे! मागच्या वेळसारखं पहाटे उठून लाडू वळत बसायचं नाही.

थंडी लीड्सपेक्षा कमी आहे, पण दमट आहे. त्या भागात घरांना उत्तरेसारखी सरकारी हीटिंगची सोय नसते, म्हणून विजेचं पांघरूण घेणार आहे. ऊन मात्र फार दिसत नाही, सदा ढगाळ. सोलापुरात पंचेचाळीस अंशांत वाढलेल्या मला तेवढं एक जड जाईल. आईची जुनी चादर नेते आहे, ती पांढऱ्या-लाल चौकड्यांची. नवी घेऊन ठेवू नका, मला तीच हवी.

तिथे व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही आणि तिथलं वीचॅट आपल्याकडे बंद आहे, म्हणून घाबरू नका. दादाने आयपॅड आणून ठेवलाय, त्यावरचं फेसटाइम तिथे चालतं. माझा भारतातला नंबरही रोमिंगवर चालू राहील. चीनचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास असतं. तुमच्या संध्याकाळी साडेसातला माझे दहा वाजलेले असतील, म्हणजे बाबांच्या बातम्या आणि आईची शुभंकरोती झाली की फोन. एखाद्या दिवशी लागला नाही तर नेट गेलं असं समजायचं, लगेच दादाला घाबरवायचं नाही.

आता मी सांगते ते दोघांनी ऐकायचं. बाबा, साखरेची तपासणी दर तीन महिन्यांनी. ‘मला काही होत नाही’ हे वाक्य डॉक्टरांपुढे बोलायचं नाही. रिपोर्टचा फोटो मला पाठवायचा, दादाला नाही, तो तुमच्या बाजूने बोलतो. नळाला पाणी येतं त्या दिवशी बादल्या उचलायच्या नाहीत, मोटरीचं बटण आता खालीच बसवून घेतलंय. टाकी बघायला शिडीवर चढायचं नाही, मग कितीही गळू दे. पोलीस किंवा सीबीआयच्या नावाने व्हिडिओ कॉल आला तर ठेवून द्यायचा, ओटीपी देवालासुद्धा सांगायचा नाही. आई, तू खाली बसून पोळ्या करणं बंद. उपवासाच्या दिवशीही बीपीची गोळी घ्यायची, विठोबा रागावत नाही. फिजिओवाली ताई आठवड्यातून तीनदा येणार आहे, तिचे पैसे मी आधीच दिलेत, म्हणजे तिला ‘आज नको’ म्हणायची सोय नाही. ऑपरेशन मी जानेवारीत येईन तेव्हाच. त्यांच्या नव्या वर्षाच्या सुट्टीत शाळा बरेच आठवडे बंद असतात. संक्रांतीच्या वेळचे गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वज बहुधा चुकतील, पण मैदानातले पाळणे उतरायच्या आत मी आलेली असेन. दिवाळी मात्र चुकेल, आई. ते कितीही घोळवून लिहिलं तरी गोड होणार नाही, म्हणून सरळ लिहिते. त्या चार दिवसांत दादा-वहिनींना सोलापुरातच राहायला सांगितलं आहे आणि अभ्यंगाच्या पहाटे मी फोनवर असेन, तिथे तेव्हा उजाडलेलं असेल.

करार दोन वर्षांचा आहे. मध्ये तुमच्या दोघांपैकी कोणाला माझी गरज लागली तर सूचना देऊन सोडता येतो, ते कलम मी वाचून, विचारून, लिहून घेतलं आहे. ‘पोरीचं नुकसान होईल’ म्हणून दुखणं माझ्यापासून लपवलंत, तर मला ते सगळ्यात जास्त लागेल. लहानपणी ताप आला की आई रात्रभर मिठाच्या पाण्याच्या घड्या बदलायची आणि बाबा दर तासाला उठून ‘उतरला का’ विचारायचे. मलाही तेवढं विचारू द्या.

बाबा, गच्चीवरची डिक्शनरी माझ्यासाठी काढून ठेवा. कव्हर फाटलंय, मी इथे बांधून घेते आणि वर्गात ठेवते. दर रविवारी पेपरातली एक बातमी तुम्ही मला फोनवर वाचून दाखवायची. आता उच्चार मी सांगेन.

शनिवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने निघते, दहाच्या सुमाराला सोलापूर. स्टेशनवर यायचं नाही. रस्ता खोदलेला आहे आणि रात्री बाबांना स्कूटर चालवायला बंदी आहे, हे आपलं ठरलेलं आहे. मी रिक्षाने येईन. आमटी-भात ठेवा, पोळ्या नकोत. या पत्रातलं जे पटलं नसेल ते मला रविवारी समोर बसवून सांगा, मी शेवटपर्यंत ऐकेन.

तुमची
ठकी